नाव कोरलेल्या डबीची वॉरंटी

बहारीनमध्ये मी एका विमा कंपनीत दाव्यांचं काम बघतो. माझ्या हुद्द्याचं इंग्रजी नाव व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत मावत नाही. मराठीत सांगायचं तर लोकांना नाही म्हणायचं, पण अशा बेताने की त्यांनी उठताना आपले आभार मानावेत. कुणाच्या गाडीला मागून धक्का बसतो, कुणाचा पाईप फुटून गालिचा भिजतो, आणि ती सगळी प्रकरणं माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे छापील आश्वासनांबद्दल माझ्या मनात भाबडेपणा उरलेला नाही. हॉटेलात जेवायला बसलेल्या आचाऱ्याला जे वाटत असेल ते मला वॉरंटी वाचताना वाटतं.

म्हणूनच अण्णांची डबी बंद पडली तेव्हा घरात सगळ्यांत आधी धीर सोडला तो मी.

अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडच्या आमच्या गावाजवळच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. उभी नोकरी त्यांनी कर्ण्यातून गाड्या पुकारण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर हळूहळू त्यांचं ऐकू येणं कमी होत गेलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं डॉक्टर म्हणत नाहीत. अण्णा म्हणतात, "एवढ्या लोकांना ऐकवलं, आता आपला कोटा संपला."

गेल्या हिवाळ्यात ते इथल्या झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा सीफकडच्या मॉलमधल्या एका मोठ्या दुकानातून मी त्यांना श्रवणयंत्रं घेऊन दिली. कानात बसणारी दोन इवलीशी बोंडं, आणि रात्री ती ठेवायची एक गुळगुळीत पांढरी डबी. डबीत ठेवली की बोंडं चार्ज होतात, सकाळी डबीवर हिरवा ठिपका दिसतो. दुकानाने डबीसकट सगळ्याला दोन वर्षांची वॉरंटी दिली आणि कित्येक भाषांमध्ये छापलेली एक पुस्तिका दिली. मी ती घरी येऊन पूर्ण वाचली. बायको म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी तरी ऑफिस घरी आणू नकोस."

त्या यंत्रांनी आमच्या घरात एक गोष्ट घडवली, जी मला बारा वर्षांत जमली नव्हती. आमची मुलगी इथल्या इंग्रजी शाळेत शिकते. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. रागावून, समजावून, गोष्टींची पुस्तकं मागवून मी थकलो होतो. अण्णांनी यंत्रं कानात घातली, ती त्यांच्याशी नेहमीप्रमाणे इंग्रजीत काहीतरी बोलली, आणि अण्णांनी शांतपणे मान हलवली.

"हे मशीन इंग्रजी पकडत न्हाई."

"What? That's not possible."

अण्णा भिंतीकडे बघत राहिले.

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिका पूर्ण वाचलेला माणूस. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, की स्वस्तातल्या मॉडेलला तेवढ्याच भाषा येतात. ती बारा वर्षांची आहे, मूर्ख नाही. पण आजोबांशी बोलायचं तर होतंच, म्हणून तिने मोडकीतोडकी मराठी सुरू केली. महिन्याभरात दोघांचा एक खेळ ठरला. संध्याकाळी बाल्कनीत बसायचं, तिने मुठीचा कर्णा करून गाडी पुकारायची आणि मुद्दाम फलाट चुकवायचा.

"महाबळेश्वरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे!"

"तीनवर न्हाई, पाचवर! तीनवर कोरेगाव लागती. लोकं डोंगर सोडून भलतीकडं जातील की गं!"

खालच्या कोल्ड स्टोअरमधला, म्हणजे किराणा दुकानातला, मल्याळी दुकानदार वर बघून हसायचा. त्याला वाटत असावं, की हे रोज भांडतात.

यंदा अण्णा दसऱ्याच्या आधी आले. दिवाळी इथे करायची आणि थंडी संपवून जायचं असं ठरलेलं होतं. विमानतळावरून मुहर्रकचा पूल ओलांडून घरी आलो. सामान उघडलं, आणि त्यांनी कमरेच्या कापडी पिशवीतून ती डबी काढून टेबलावर ठेवली. मी चहाचा कप खाली ठेवला.

डबीवर नाव कोरलेलं होतं.

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. तांब्यापासून पातेल्यापर्यंत घरातल्या प्रत्येक धातूवर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. लग्नाकार्यात भांडी शेजारीपाजारी जातात, आणि नाव नसलेलं भांडं परत येत नाही. ते गावाचं होतं. अण्णांच्या मते डबी घरातली सगळ्यांत महागडी वस्तू होती आणि तीच बिननावाची फिरत होती. म्हणून चैत्रात ते ती घेऊन बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेले.

"त्यो म्हणला, काका, हे प्लॅस्टिकाय, मशीन घसरंल. मी म्हणलं, घसरू दे. तू काढ."

मशीन घसरलेलं दिसत होतं. झाकणावर अण्णांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याखाली मुक्काम, पोस्ट. जागा संपत आली तसं अक्षर बारीक होत गेलं होतं आणि तालुक्याला वळसा घालून डबीच्या कडेवर उतरलं होतं. जिल्हा पाठीमागे. तळाला "चिरंजीवांकडून भेट" आणि तिथी. तालुक्याचा शेवटचा काना घसरत घसरत थेट वायर लावायच्या भोकापाशी जाऊन थांबला होता. शिवाय कापडी पिशवीत डबीचा शेजारी अडकित्ता होता. कस्टमवाले अडवतील म्हणून सुपारी त्यांनी घरी ठेवली होती, पण अडकित्त्याशिवाय घराबाहेर पडायची सवय नाही म्हणून तो सामानातून आणला आणि इथे पोचल्यावर पुन्हा पिशवीत घातला. त्याने ते बदाम फोडायचे. वर्षभराच्या सोबतीत त्याने डबीच्या उरलेल्या मोकळ्या जागेवर आपलंही काही लिहून ठेवलं होतं.

"चालू आहे ना पण?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? नाव घातल्यापासून जास्तच चाललीय."

पंधरा-वीस दिवस सगळं ठीक होतं. मग एका सकाळी हिरवा ठिपका आला नाही. अण्णांनी जुन्या रेडिओला मारतात तशी डबीला एक चापट मारली, वायर बदलून पाहिली, मीही पाहिली. दुपारपर्यंत कानातल्या बोंडांचं चार्जिंग संपलं आणि घरातला आवाज अण्णांपुरता बंद झाला.

मी एकटाच त्या दुकानात गेलो. आत शिरताच उदाचा वास, पायाखाली आरसा होईल असा संगमरवर, आणि दुरुस्तीच्या विभागाला दुरुस्ती म्हणायची लाज वाटून दिलेलं एक नाव, ज्यात 'आनंद' हा शब्द होता. काउंटरवर काळा पायघोळ अबाया घातलेली एक तरुण बहारीनी बाई होती. तिच्या छातीवरच्या पट्टीनुसार ती ग्राहकांच्या आनंदाची अधिकारी होती. मी स्वतः ज्या हुद्द्याखाली वावरतो तो पाहता मला हसायचा अधिकार नव्हता. तिने डबी दोन्ही बाजूंनी बघितली, भुवया उचलल्या, आणि "इंशाल्ला दोन दिवसांत कळवतो" म्हणाली.

दोन दिवसांनी निरोप आला. बाह्य हानी आणि अनधिकृत फेरफार, त्यामुळे वॉरंटी लागू नाही, आपण आमच्यावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार. तो वाचून मला क्षणभर धंद्यातल्या माणसाचा आदर वाटला. नकाराच्या शेपटीला आभार लावायची कल्पना मला कधी सुचली नव्हती.

डबी सुटी मिळत नव्हती, घ्यायचा तर अख्खा संच. मी अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, की नवीन घेऊन टाकू. त्यांनी हात झटकला.

"गॅरंटी हाय ना?"

"ते नाही म्हणतायत!"

"मग गॅरंटी असून नवं घ्यायचं म्हंजे त्यांनी टोपी घालायची आन् आपण आरसा धरायचा. काय नको. माझं जे होतं ते नीट हुतं."

त्यानंतर ते गप्प झाले. ऐकू न येणारी माणसं पहिले काही दिवस मोठ्याने बोलतात आणि मग बोलणंच सोडतात. मुलगी बाल्कनीत मुठीचा कर्णा करून ओरडली, तेव्हा समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले, पण अण्णांनी अंदाजाने मान डोलावली. फलाट दुरुस्त केला नाही. तिने आणखी एकदा पुकारलं, पुन्हा तीच मान. ती आत येऊन पुस्तक उघडून बसली आणि आईशी इंग्रजीत बोलू लागली. मराठीचं काम उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी जेवताना अण्णा एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं कर. दिवाळीच्या आधी. हितं बसून भिंतीच बघायच्या, तर आमच्याकडं काय भिंतींना तोटाय?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तू दिवसभर लोकांचे दावे बघतोस. स्वतःच्या वडिलांचा एक बघ की."

तेव्हा मी ती पुस्तिका पुन्हा काढली. गेल्या वर्षी वाचली होती ती कुतूहलाने. आता वाचली ती समोरच्या बाजूच्या माणसासारखी, म्हणजे पळवाट कुठे आहे ते बघत. लिहिलं होतं की कॉस्मेटिक डॅमेज, म्हणजे ओरखडे, पोचे, रंग जाणं, असं दिसण्यापुरतं नुकसान, कंपनी भरून देणार नाही. ठीक. ओरखडे काढून द्या असं कुणी म्हणतच नव्हतं. पण ओरखडे आहेत म्हणून आतला बिघाड बघणार नाही, असं त्यात कुठेच नव्हतं. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या काढून देणार नाही असं डॉक्टरने म्हणणं समजू शकतं. सुरकुत्या आहेत म्हणून ताप बघणार नाही, असं म्हणणारा डॉक्टर मला माझ्या धंद्याबाहेर भेटला नव्हता. फेरफाराची व्याख्याही होती: वस्तूचं काम किंवा क्षमता बदलणारा बदल. मी त्या पानात बसचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलं. ते अण्णांनीच कधीतरी दिलेलं होतं.

शुक्रवारी आम्ही निघालो. मी, मुलगी आणि अण्णा. अण्णांना न्यायचं ठरलं नव्हतं, पण ते पांढरा सदरा आणि टोपी घालून दाराशी उभे राहिले. माझी वस्तू, मी येणार, असा त्याचा अर्थ होता. ऐकू येत नसल्याने समजावून सांगायची सोयही नव्हती.

काउंटरवर तीच बाई होती. अण्णांना बघून ती उभी राहिली. "अहलान, हज्जी." इथे वयस्कर माणसाला मानाने हज्जी म्हणतात हे अण्णांना गेल्या वर्षीपासून माहीत होतं. ओठ बघून कळणारा तेवढा एकच शब्द. त्यांनी हात जोडले. तिने आम्हाला बसायला सांगून तंत्रज्ञाला निरोप धाडला. तो मल्याळी होता, पांढरा कोट घातलेला, गळ्यात भिंग लटकवलेलं. डबी त्याने मखमली तबकात ठेवून आणली. शस्त्रक्रियेआधी असते तशी त्याची मुद्रा होती.

आमचं बोलणं हिंदीत झालं. त्याची हिंदी आणि माझी हिंदी, दोघीही पाहुण्या.

"सर, ये कॉस्मेटिक नहीं है. ये फेरफार है," तो म्हणाला, फक्त त्याचा शब्द होता 'मॉडिफिकेशन'. "मशीन लगाके किया है. देखिए, पोर्ट तक गया है."

"ते नाव आहे."

"इतना लंबा नाम?"

"पत्ताही आहे."

तो दबला नाही. कोरताना डबी हादरली असणार, आत काहीतरी ढिलं झालं असणार, आणि कंपनीचा नियम कंपनीचा नियम. मी पुस्तिकेचं पान उघडलं. त्याने ते पान याआधी कधी बघितलं नव्हतं हे मला लगेच कळलं, कारण माझ्याकडे येणारे लोकही अशाच चेहऱ्याने मी दाखवलेलं पान बघतात. तरी तो म्हणाला की निर्णय वरून आलेला आहे. वर म्हणजे कुठे, असं विचारल्यावर त्याने खरोखरच छताकडे बघितलं.

मी पुढे काय बोलायचं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मुलीने माझी बाही ओढली.

"Papa. Look. They're doing the same thing."

दुकानाच्या मध्यभागी एक गोल चौथरा होता. त्यावर काचेचा घुमट, घुमटाखाली मखमल. हातमोजे घातलेला एक तरुण एका गिऱ्हाइकाची नवी कोरी पांढरी डबी दोन्ही हातांनी, नैवेद्याची वाटी ठेवावी तशी, मखमलीवर ठेवत होता. अण्णांच्या डबीची सख्खी बहीण. त्याने बटण दाबलं, निळा प्रकाश चमकला, आणि घुमटाखाली डबीवर वळणदार अरबी अक्षरं उमटायला लागली. गिऱ्हाईक मोबाइलवर त्याचं चित्रण करत होतं. वर पाटी होती, तिचा अर्थ असा की तुमची वस्तू आता खऱ्या अर्थाने तुमची होऊ द्या.

आमच्या बाजारपेठेतल्या भांडीवाल्याने ही पाटी लावली असती तर लोक हसले असते. पण तो बरोबर हेच करतो, आणि घुमटाशिवाय करतो.

मी तंत्रज्ञाकडे वळलो आणि अगदी साध्या आवाजात, सहज चौकशी केल्यासारखं विचारलं, "मलाही असा एक संच घ्यायचा आहे. तिथे नाव घातलं तर वॉरंटी जाते का?"

"नहीं नहीं सर. वो तो बस ऊपर ऊपर का है. कॉस्मेटिक."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याने तो हवेतच बघितला. काउंटरमागच्या बाईनेही बघितला. ती संगणकाच्या पडद्याआड तोंड लपवून हसली.

"पर सर, वो ऑथराइज्ड है," तो शेवटी म्हणाला.

"नाव कुणी घातलं यावर डबीचं काम बदलतं का? चैत्रात नाव घातलं, दसऱ्यापर्यंत चालली. आतलं काही बदललं असेल तर उघडून दाखवा. नाव आत पोचलं असेल तर मी एक शब्द न बोलता घरी जाईन."

हे मी मनापासून म्हणालो. पण भांडीवाल्याचं मशीन कुठवर घसरलंय हे मला कुठे माहीत होतं?

तंत्रज्ञ डबी घेऊन आत गेला. त्या बाईने मुलीला इंग्रजीत विचारलं की हे लिहिलंय काय. मुलीला देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचता येतं. डबी आत गेली होती, पण तिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता आणि तिने तो मोठा करून वाचायला घेतला. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, पोस्ट. तालुक्याशी अडखळली. "आणि इथे लिहिलंय, gift from my son."

"आणि हे एवढं सगळं का?"

"म्हणजे लग्नात हरवू नये."

बाईने भुवया उचलल्या, मग खळखळून हसली. तिची आजी मुहर्रकला राहते, ती म्हणाली. तिच्या मोठ्या पातेल्यांच्या बुडाला लाल रंगाने नाव घातलेलं आहे. नाव नसेल तर लग्नाला गेलेलं पातेलं, खलास, परत येत नाही. तिने अण्णांकडे बघून अंगठा वर केला. का, ते अण्णांना कळलं नाही, पण त्यांनी गांभीर्याने अंगठा दाखवून परतफेड केली.

मी दाराकडे बघत होतो. नोकरीत मी कितीतरी लोकांना अशा खुर्च्यांवर बसवून ठेवलेलं आहे आणि खुर्ची चांगली असते असा माझा समज होता. ती टोचते.

अण्णा माझ्या शेजारी ताठ बसले होते, स्टँडवर बसायचे तसे. सभोवती माणसं बोलत होती, घुमटाखाली यंत्र गुणगुणत होतं, लहान मूल रडत होतं, आणि यातलं काहीच त्यांच्यापर्यंत येत नव्हतं. मध्येच ते म्हणाले, "न्हाई म्हणले का रं? न्हाई म्हणले तर चल. डबी तेवढी मागून घे. नाव हाय त्याच्यावर." आवाज दुकानभर गेला. लोकांनी वळून बघितलं. मुलीने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

तंत्रज्ञ बाहेर आला तेव्हा मखमली तबक नव्हतं. डबीचे दोन भाग त्याने तळहातावर आणले होते. भिंग डोळ्याला लावून त्याने मला दाखवलं, आणि मला मान्य केलं पाहिजे, की सरळपणे दाखवलं. अक्षरं वरच्या कवचातच होती. आतली बाजू स्वच्छ होती, घसरलेला कानासुद्धा अर्ध्यावर थांबला होता. बिघाड आतल्या चार्जिंगच्या पट्टीत होता, आपला आपण झालेला. या खेपेच्या काही डब्यांत तो आधीही निघालेला आहे, हेही त्याने हळूच सांगितलं.

"तो नाम?" मी विचारलं.

त्याने निःश्वास सोडला. "नाम कॉस्मेटिक है, सर."

बाईने फोन उचलला. काचेच्या खोलीतल्या कुणाशी तरी ती अरबीत बोलली. बोलताना एकदा तिने गोल चौथऱ्याकडे बोट दाखवलं, काचेपलीकडच्या माणसाने तिकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग बराच वेळ कपाळाला हात लावला. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "खलास. नवी डबी देतो. वॉरंटीत."

माझ्या खांद्यांवर इतका वेळ काहीतरी बसलेलं होतं हे ते उतरल्यावर कळलं. मी तिचे आभार मानले, तंत्रज्ञाचे मानले, आणि पुस्तिका मिटताना तिचेसुद्धा मानले असते.

पण प्रकरण संपलं नव्हतं. नव्या डबीत बोंडं अर्धा तास चार्ज केल्यावर चाचणी घेणं बंधनकारक होतं. ती झाली की मगच वस्तू हवाली. अण्णांच्या कानात बोंडं बसवली. तंत्रज्ञ चार पावलं मागे जाऊन त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "Sir, can you hear me?"

अण्णा समोर बघत राहिले.

"Sir? If you can hear me, please raise your hand."

अण्णांचा हात मांडीवर. तंत्रज्ञाने पुढे येऊन आवाज वाढवला, पुन्हा विचारलं. काही नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईच्याही. नवी डबी, नवा चार्ज, आणि शून्य. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळ्यांच्या कडा किंचित आवळलेल्या होत्या. आठवडाभर बहिरं बसलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"त्यांना इंग्रजी ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"सर, मशीन को लँग्वेज नहीं होता."

"या मशीनला असते."

तो पुन्हा बोंडं तपासायला वाकला. मुलगी मात्र तोवर त्याच्याही मागे, पार घुमटाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती. तिने मूठ तोंडाशी नेली. ओरडली नाही. बाल्कनीत बोलायची त्याहूनही हळू, जवळपास स्वतःशीच, म्हणाली, "महाबळेश्वरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे."

अण्णांनी मान वळवली नाही.

"तीनवर न्हाई, पाचवर. किती येळा सांगायचं?"

बाईने टाळ्या वाजवल्या. तंत्रज्ञाने चाचणी झाल्याची नोंद केली. कुठल्या भाषेत, असा रकाना तिथे नसावा.

निघताना त्या बाईने मला अण्णांना विचारायला लावलं, की नव्या डबीवर त्या चौथऱ्यावर नाव घालून द्यायचं का, दुकानातर्फे, फुकट. यंत्राला अरबी आणि इंग्रजी येत होती. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी घुमटाकडे, मखमलीकडे, हातमोज्यांकडे सावकाश बघून घेतलं.

"अरबीत घातलं तर गावात कुणाला कळणार कुणाची डबी ती? ऱ्हाऊ दे. आपला भांडीवाला हाय."

"अण्णा, निदान तालुका गाळा."

"तालुका गाळून कसं चालंल? त्या नावाची दोन गावं हायत."

जुन्या डबीचं कवच दुकानाने परत मागितलं नाही. अण्णांनी दोन्ही अर्धे रुमालात बांधून पिशवीत ठेवले. नवी डबी सदऱ्याच्या वरच्या खिशात गेली, अडकित्त्यापासून लांब. तेवढी सुधारणा झाली.

गाडीत मुलगी पुढे बसली, अण्णा मागे. ऊन उतरलं होतं, झिंजकडे वळणाऱ्या रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. तिकिटाचा विषय कुणी काढला नाही. अण्णा काच थोडी खाली करून बाहेरचे भोंगे ऐकत होते आणि प्रत्येक भोंग्यावर मान हलवत होते. सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मुलगी माझ्याकडे झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "Papa, can we stop for falafel?"

"मला बिनतिखटाचं," मागून अण्णा म्हणाले.

आरशात मला अण्णा दिसले. ते एकदम खिडकीबाहेरच्या खजुराच्या झाडांचं निरीक्षण करायला लागले होते. मी मुलीकडे बघितलं. आता ती काय म्हणेल याची मला धास्ती होती. वर्षभराची सगळी मराठी या एका वाक्याने वॉरंटीबाहेर जाऊ शकत होती.

तिने ओठ दाबून धरले, खिडकीकडे तोंड केलं, तिचे खांदे हलत होते. मग ती सावरून बसली, मागे वळली आणि नीट, सावकाश विचारलं, "आजोबा, आपण फलाफल खायला थांबूया का?"

"थांबू की," अण्णा म्हणाले. "पर मला बिनतिखटाचं."